वेणूबाईंची चिठ्ठी माझ्याकडे होती

मित्रांनो, मी दानपेटी नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कॉलेजच्या चॅपलमध्ये नवीन येणारा प्रत्येक जण माझ्या फटीकडे बघून खिसा चाचपतो, म्हणून सांगावं लागतं. मी प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी आहे. सागवानी, हातभर लांब, वीतभर उंच, वर एक फट आणि मागे एक कुलूप. वय तेहतीस. पेटीच्या मानाने हे काही फार नाही, पण गेल्या डिसेंबरपासून मला फार म्हातारं झाल्यासारखं वाटतं. ते का, तेच आज सांगायला बसले आहे.

माझा जन्म भवानी पेठेत, लाकूड बाजारामागच्या एका छोट्या कारखान्यात झाला. चॅपलचा एक जुना बाक मोडला होता. त्या वेळच्या फादरांनी तो हातगाडीवर घालून कासिमचाचांकडे नेला आणि विचारलं, "यातून एखादी पेटी होईल का?" चाचांनी बाक उलटासुलटा करून पाहिला. लाकूड अस्सल होतं.

"होईल की. आत काय ठेवणार?"

"लोकांची दुखणी. कागदावर लिहिलेली."

"मग फळी जाड घेतो," चाचा म्हणाले.

त्यांनी मला अशी जोडली की कुठेही फट राहिली नाही. वरची फट मात्र त्यांनी स्वतः पॉलिश कागदाने दिवसभर घासली. रडत येणाऱ्या माणसाच्या बोटाला कूस लागू नये, असं ते शेजारच्या सुताराला सांगत होते. असा माणूस आपल्याला घडवतो, हे भाग्यच म्हणायचं. चाचा आता नाहीत. त्यांची नात आलिया आमच्याच कॉलेजातून पदवी घेऊन गेली, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तीही गुपचूप माझ्यात चिठ्ठी टाकून गेली होती.

पुण्यातली पेटी म्हटल्यावर पाटी आलीच. माझ्यावरही आहे. "चिठ्ठी कोणीही उघडणार नाही. नाव लिहिण्याची गरज नाही. देव ओळखतो." फादरांनी हे स्वतःच्या हाताने लिहिलं आणि तोच आमचा नियम झाला. दर शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत चॅपलमध्ये छोटी मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, होते. तेव्हा मला उचलून वेदीच्या पायरीवर ठेवतात आणि फादर म्हणतात, "प्रभो, या पेटीत काय आहे ते तुला ठाऊक आहे." मुलं म्हणतात, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." एवढंच. कुलूप कुणी उघडत नाही. वर्षातून एकदा, राखेच्या बुधवाराआधी, म्हणजे आमचे उपवासाचे दिवस सुरू होण्याआधी, मागच्या ईस्टरला झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या नि नंतर वाळून गेलेल्या झावळ्यांबरोबर माझ्या पोटातल्या सगळ्या चिठ्ठ्या न उघडता जाळतात.

वाचायचं नाही, हा नियम माणसांसाठी आहे. मीही घडी उलगडत नाही, पण कागद अंगाला लागला की त्यावरचं मला कळतं. त्याला माझा इलाज नाही. त्यामुळे या तेहतीस वर्षांत मी काय काय ऐकलं म्हणून सांगू! "संख्याशास्त्रात चाळीस मिळू देत, एकेचाळीस मागत नाही." "पुष्करने एकदा तरी माझ्याकडे बघावं." "आईबाबा पुन्हा एका घरात राहू देत." "बाबांची दारू सुटू दे." ख्रिस्ती मुलं टाकतात, हिंदू टाकतात, मुसलमान टाकतात. एकदा तर एका प्राध्यापकांनी टाकली होती, 'प्राचार्यांना सद्बुद्धी दे' म्हणून. पुढे त्यांचीच बदली झाली.

मधली दोन वर्षं कोरोनामुळे सगळंच बंद होतं, तेव्हा मीही बंद होते. माझ्या फटीत एका कोळिणीने जाळं विणलं. पुन्हा कॉलेज सुरू झालं तर मुलांनी प्रार्थनेचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलेला. मला वाटलं, आटोपला आपला कारभार. कुणी ओल्या फडक्याने मला पुसायलाही येईना. मग एके दिवशी सकाळी आठच्या आधी एक मुलगी आली. तिने ओढणीच्या टोकाने ते जाळं काढलं, कोळिणीला हलकेच कागदावर घेऊन बाहेर सोडून आली आणि मगच माझ्यात चिठ्ठी टाकली. ती सुरुची.

सुरुची भालेराव. राहायची वारज्यात, घरची ख्रिस्ती. रोज पहिल्या तासाआधी ती चॅपलमध्ये यायची, मारियामातेपुढे मेणबत्ती लावायची आणि पहिल्या बाकावर दहा मिनिटं बसायची. मी त्या बाकाला लागूनच असते. ती मोठ्याने प्रार्थना करायची, कुणी नसलं की. "प्रभो, आज केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे, आणि आईचं गुडघ्याचं बघ जरा," अशी. घरातल्या माणसाला सांगावं तशी. असली साधी, निर्मळ श्रद्धा मी फार थोड्या मुलांत पाहिली. मला ती मुलगी आवडायची, सरळ सांगते.

तिसऱ्या वर्षाला ती कॉलेजच्या सेवा गटाची प्रमुख झाली. हा गट दर शनिवारी वारज्याच्या एका वृद्धाश्रमात जातो. नखं कापून देणं, केस विंचरून देणं, औषधांच्या डब्या भरणं, गप्पा मारणं, अशी साधी कामं. तिच्याबरोबर केदार असायचा. शनिवार पेठेतला हा मुलगा पहिल्या दिवशी उघड म्हणाला होता, "मी सर्टिफिकेटसाठी आलोय. पुण्याईचं नंतर बघू." पण तो दर शनिवारी यायचा. गेलेल्या शनिवारच्या गोष्टी दोघं सोमवारी सकाळी या बाकावर बसून बोलायचे. वृद्धाश्रमात मी कधी गेले नाही. तिथलं जे सांगते आहे ते या बाकावरून ऐकलेलं.

वेणूबाई त्यांच्याच तोंडून मला कळल्या. मुळशीकडच्या एका खेड्यातल्या. चौदाव्या वर्षी पुण्यात आल्या आणि पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची ताटं भरली, पण स्वतःसाठी कुणाकडे कधी काही मागितलं नाही. आश्रमात जेवायला बसल्यावर मीठ कमी असलं तरी मागायच्या नाहीत, तशाच जेवायच्या. एकदा सुरुचीने विचारलं, "आजी, तुम्हाला काही हवंय का?" तर म्हणाल्या, "मला सही शिकीव. अंगठा द्यायची लाज वाटती."

मग सुरुचीने दुरेघी वही आणली. दर शनिवारी तासभर दोघी ती वही घेऊन बसायच्या. केदार सांगायचा, "पोळी लाटल्यासारखं अक्षर काढतात. आधी गोल, मग त्याला कडा." सुरुची त्याच्यावर डोळे वटारायची. पण जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वेणूबाई सहीच काय, पुरतं वाक्य लिहायला लागल्या. पहिलं वाक्य त्यांनी लिहिलं, "माझं नाव वेणू हाय." सुरुचीने ते पान फाडून आणून चॅपलमध्ये फादर पाटोळ्यांना दाखवलं. हे आताचे फादर तसे शांत, थोडे हळवे, साठीच्या पुढचे. त्यांनी चष्मा काढून पुसला. सुरुचीचा आनंद तर गगनात मावत नव्हता.

एका शनिवारी सुरुचीने त्यांना माझ्याबद्दल सांगितलं. "आमच्या चॅपलमध्ये एक पेटी आहे, आजी. त्यात चिठ्ठी टाकली की पोचते."

"कुनाला पोचती?"

"ज्याला पोचायची त्याला," सुरुची म्हणाली, आणि तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून कुणी हाक मारली म्हणून उठून गेली.

मित्रांनो, एवढंच झालं. तिच्या मनात देव होता. तो सांगायची गरज आहे, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. देवाच्या घरात वाढलेल्या माणसाला असं होतं. वेणूबाईंनी उभ्या जन्मात एकच पेटी पाहिली होती, पोस्टाची.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. त्या दिवशी वेणूबाई पोटावर हात धरून बसल्या होत्या. सुरुचीने विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई गं, वारा धरलाय." निघताना त्यांनी दुरेघी कागदाची चार घड्या घातलेली एक चिठ्ठी सुरुचीच्या हातात दिली.

"ही तुमच्या त्या पेटीत टाक. इथं वाचू नगं, मला लाज वाटंल."

"मी कशाला वाचेन, आजी!" सुरुची म्हणाली. तिला केवढा अभिमान वाटला असेल! आपण शिकवलेल्या अक्षरांनी आजींनी देवाला पहिली चिठ्ठी लिहिली, असंच तिला वाटलं. सोमवारी सकाळी आल्या आल्या तिने ती माझ्यात टाकली आणि डोळे मिटून म्हणाली, "प्रभो, आजींनी जे मागितलं असेल ते त्यांना दे."

कागद माझ्या अंगाला लागला आणि मला कळलं. त्यात लिहिलं होतं:

"सुरुची पोरी. पुढच्या मंगळवारी नऊ तारखेला माझं आपरेशन हाय. पोटात गाठ हाय म्हनत्यात. लई भ्या वाटतं. तू येशील का. काय करू नको. नुस्ती बस. वेणू."

ती चिठ्ठी देवाला नव्हती हो! ती माझ्यापुढे डोळे मिटून उभ्या असलेल्या त्या पोरीला होती. आणि आमचा नियम असा की कुणाची चिठ्ठी कुणी उघडायची नाही.

मंगळवार यायला आठ दिवस होते. मी मनात म्हटलं, आठ दिवस पुष्कळ झाले. मधला शनिवार आहे. शनिवारी पोरगी आश्रमात जाईल, वेणूबाई विचारतील, सगळं उलगडेल. पण पुढच्याच आठवड्यात कॉलेजने सेवा सप्ताह ठरवला होता. चित्रं, फलक, पाहुणे, भाषणं. गटाने वर्षभर काय काय केलं त्याचं प्रदर्शन. सुरुची प्रमुख, म्हणून सगळं तिच्याच डोक्यावर. बुधवारी ती आणि केदार याच बाकावर बसून याद्या करत होते.

"म्हणजे या शनिवारी आश्रमात जायचं नाही?" केदारने विचारलं.

"कसं जायचं? फलक रंगवायचेत, हॉल लावायचाय. एकच शनिवार आहे रे."

"सेवा सप्ताहासाठी सेवा बंद. आनंद आहे."

"केदार, प्लीज. टोमणे नंतर मार. आधी तो वेणूआजींचा फोटो मोठा करून आण."

फोटोत सुरुचीचा हात वेणूबाईंच्या हातावर होता आणि दोघींच्या मधे ती वही. सगळ्यांना तो फार आवडला होता. प्रदर्शनात मधोमध लावायचं ठरलं.

मी काय करणार होते? मला कुलूप होतं. सुरुची रोज सकाळी येत होती, मेणबत्ती लावत होती, माझ्यापासून वीतभर अंतरावर गुडघे टेकत होती. मला वाटायचं, माझी एखादी फळी तरी तडकावी. पण कासिमचाचांचं काम ते! तेहतीस वर्षांत एक खिळा सैल झालेला नाही. चाचांच्या हाताचं मी नेहमी कौतुक करत आले, त्या आठवड्यात मात्र मी त्यांना दोष दिला.

शुक्रवारी मिस्सा झाली. मला उचलून वेदीच्या पायरीवर ठेवलं. त्याआधी सुरुची धावत आली, हाताला फलकाचा निळा रंग लागलेला, आणि तिने एक घाईघाईत लिहिलेली चिठ्ठी माझ्यात टाकली. ती घसरत खाली गेली आणि नेमकी वेणूबाईंच्या चिठ्ठीवर जाऊन पडली. त्यावर लिहिलं होतं, "वेणूआजींचं पोट दुखायचं थांबू दे. त्यांना एकटं वाटू देऊ नकोस."

मित्रांनो, त्या दोन चिठ्ठ्या माझ्या पोटात एकीवर एक पडून होत्या. खालची म्हणत होती, तू ये. वरची म्हणत होती, त्यांना एकटं वाटू देऊ नकोस. आणि फादर म्हणत होते, "प्रभो, या पेटीत काय आहे ते तुला ठाऊक आहे." सुरुचीचा आवाज सगळ्यांत मोठा होता, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

मंगळवारी नऊ तारखेला सकाळी दहा वाजता प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. हॉल चॅपलला लागूनच आहे, टाळ्या मला ऐकू येत होत्या. पाहुण्यांना सुरुची तो मधला फोटो समजावून सांगत होती. "सर, या वेणूआजी. सत्तरी उलटल्यावर अक्षरं शिकल्या." पुन्हा टाळ्या. ती बोलत छान होती. खोटं तर एक अक्षर नव्हतं. पण त्याच वेळी वेणूबाईंना एका सरकारी दवाखान्यात ढकलगाडीवरून आत नेत होते, हे त्या हॉलमध्ये कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी मुकी.

सप्ताह संपला. त्या शनिवारी मुलांच्या परीक्षा होत्या. त्याच्या पुढच्या शनिवारी, वीस डिसेंबरला, गट नाताळची गाणी म्हणायला आश्रमात गेला. सुरुचीने वेणूबाईंसाठी आईच्या हातच्या करंज्या नेल्या होत्या आणि एक नवीन वही, एकरेघी. आता दुरेघी नको, आता पुढची यत्ता, असं ती सकाळी मला, म्हणजे देवाला, सांगून गेली.

दुपारी चारच्या सुमाराला चॅपलचं दार धाडकन उघडलं. सुरुची आत आली ती सरळ माझ्यापाशी. तिने माझं कुलूप ओढलं. उघडेना. केसांतली पिन काढून कुलपात घातली. पिन दोनदा खाली पडली. मागोमाग केदार धापा टाकत आला.

"सुरुची, अगं, काय करतेयस?"

"आजींनी चिठ्ठी पाठवली होती, केदार. तू ऐकलंस ना रशीदामावशी काय म्हणाल्या ते?"

रशीदामावशी म्हणजे आश्रमात वृद्धांची काळजी घेणाऱ्या बाई. त्यांनी मुलांना जे सांगितलं, ते सुरुची फादर पाटोळ्यांना रडत रडत सांगत होती तेव्हा मी ऐकलं. आवाजाने फादर शेजारच्या खोलीतून धावत आले होते.

वेणूबाई गेल्या. अकरा तारखेला, ऑपरेशननंतर दोन दिवसांनी. रशीदामावशी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेल्या होत्या, पण आश्रमात आणखी वीस जण होते, त्यांना सारखं परत यावं लागत होतं. आत नेण्याआधी वेणूबाई दाराकडे बघत होत्या. मावशींनी विचारलं, "कुणाची वाट बघताय?" तर म्हणाल्या, "पोरीची. चिठ्ठी धाडलीय." मावशी म्हणाल्या, "कॉलेजात फोन करते, लगेच येईल ती." तर वेणूबाईंनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, "नगं. तोंडावर मागितलं की पोरगी न्हाई म्हनू शकत न्हाई. म्हनून तर चिठ्ठी लिवली. जमलं तर येईल. न्हाई जमलं तर तिच्या जिवाला घोर नगं." नंतरचे दोन दिवसही त्या शुद्धीवर आल्या की दाराकडे बघायच्या, असं मावशींनी सांगितलं.

"फादर, ती चिठ्ठी मला होती," सुरुची म्हणाली. "पेटी उघडा."

फादरांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच थांबला. तेहतीस वर्षांत नियम एकदाही मोडला नव्हता. किती मुलांनी त्या नियमाच्या भरवशावर आपली लाज, आपली भीती माझ्या हवाली केली होती. फादरांच्या मनात काय चाललं होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बाळ, ती देवाला लिहिलेली असली तर?"

"आणि मला लिहिलेली असली तर?"

केदार नेहमी काही ना काही तिरकं बोलायचा. तो खाली बघून म्हणाला, "फादर, देव रागावणार असेल तर माझ्यावर रागवू दे. मला तसंही त्याच्याकडून सर्टिफिकेट नकोय."

फादरांनी खिशातून किल्ली काढली. "दुरेघी कागद. तेवढा एकच. बाकी कशाला हात लावायचा नाही."

माझं मागचं दार उघडलं. सुरुचीने हात आत घातला आणि चिठ्ठ्या न उलगडता बाजूला सारत गेली. तिच्या हाताला आधी तिची स्वतःचीच चिठ्ठी लागली, निळ्या रंगाचे ठसे असलेली. त्याच्याच खाली, चिकटून, दुरेघी कागदाची चौघडी. तिने ती तिथेच जमिनीवर बसून उघडली.

तिने ती मोठ्याने वाचली नाही. पण तिचे ओठ हलत होते आणि प्रत्येक शब्दाला मला ठाऊक होतं ती कुठे पोचली आहे. "नुस्ती बस" पाशी तिचे ओठ थांबले. मग ती जी रडली! मी तेहतीस वर्षं लोकांचं रडणं ऐकते आहे, चाचांनी मला त्यासाठीच जाड फळीची केली. पण त्या दिवशी माझ्याच्याने ते ऐकवेना.

मग ती म्हणाली, "आठ दिवस, फादर. आठ दिवस ही इथे होती. मी रोज इथे येऊन बसत होते."

"मीही तिला तीन शुक्रवार वेदीवर ठेवली," फादर म्हणाले. ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले होते, म्हातारपणी गुडघे वाकत नसताना. "तीन वेळा म्हणालो, प्रभो, यात काय आहे ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक होतं ना त्याला? मग त्याने मला का नाही सांगितलं?"

फादरांनी आयुष्यभर प्रवचनं दिली आहेत. मला वाटलं, ते आता काहीतरी बोलतील. परमेश्वराची योजना वगैरे.

"माहीत नाही, बाळ," ते म्हणाले. "खरंच माहीत नाही. पण तुला एक विचारू? वेणूबाईंनी तुला तोंडावर सांगितलं असतं, की मला भीती वाटते, जवळ बस, तर तू गेली असतीस?"

"धावत गेले असते."

"ते वेणूबाईंना माहीत होतं. म्हणून त्या दाराकडे बघत होत्या."

हे ऐकून सुरुचीला बरं वाटलं असेल असं मला नाही वाटत. मलाही बरं वाटलं नाही. उलट जास्तच लागलं. कुणाचाच वाईटपणा नव्हता, मित्रांनो. नियम चांगला होता, मुलगी चांगली होती, म्हातारी तर देवमाणूस. तरीही एक बाई भीत भीत एकटी गेली.

सुरुचीने ती चिठ्ठी घडी घालून आपल्या बायबलमध्ये ठेवली. आता ती पूर्वीसारखी रोज सकाळी येत नाही. शुक्रवारी मिस्सेला येते, मागच्या बाकावर बसते. सगळे "आमची प्रार्थना ऐक" म्हणतात तेव्हा तिचे ओठ कधी हलतात, कधी नाही. फादर तिला काही विचारत नाहीत. शनिवारी मात्र ती आश्रमात जाते, परीक्षा असो की उत्सव. केदार एकदा या बाकावर बसून फादरांना सांगत होता, "फोटो नाही, फलक नाही, काही नाही. जाते आणि कुणाच्या तरी खाटेजवळ नुसती बसते. कुणी बोललं तर बोलते. दवाखान्यात कुणाला न्यायचं असलं तर रशीदामावशी आता थेट हिला फोन करतात." मग म्हणाला, "आणि मलाही." त्यात टोमणा नव्हता.

माझ्यात चिठ्ठ्या पडतात अजून. गुणांच्या, प्रेमाच्या, आजाराच्या. मी त्या सांभाळते. ते माझं काम आहे. पण त्या डिसेंबरपासून सुरुचीने माझ्यात एकही चिठ्ठी टाकलेली नाही. मला त्याचं वाईट वाटतं आणि मला त्याचं कारणही पटतं. मी देवाला पोचवते की नाही, ते देव जाणे. माणसाचं माणसाला मात्र मला पोचवता आलं नाही.

म्हणून जाता जाता तुम्हाला हात जोडून सांगते. प्रार्थना जरूर करा, माझ्यासारख्या पेटीत चिठ्ठ्याही टाका, मी त्या कुणाला दाखवणार नाही. पण तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत एखादं माणूस असेल, "काही नाही गं, वारा धरलाय" म्हणून पोटावर हात धरून बसणारं, जन्मात कधी मीठसुद्धा न मागणारं. त्याच्यासाठी देवाला साकडं घालून थांबू नका. त्याच्यापाशी जा, त्याचा हात धरा आणि पुन्हा एकदा विचारा. पहिल्यांदा ते खरं सांगणार नाही. बसा थोडं. मला पाय नव्हते म्हणून मी जाऊ शकले नाही.

तुम्हाला आहेत. आजच जाऊन या.